हवाबंद नाना

खोली भाड्याने देताना घरमालक आधार कार्ड मागतो, कंपनीचं ओळखपत्र मागतो, दोन महिन्यांचं डिपॉझिट मागतो. कारेगावचे नाना आधी वजन विचारतात. नांदेडकडचं एखादं पोरगं खांद्यावर बॅग घेऊन दारात उभं असतं, रांजणगाव एमआयडीसीत उद्यापासून त्याची सेकंड शिफ्ट असते, आणि नाना त्याला चपलेपासून टोपीपर्यंत न्याहाळून विचारतात, "किती भरशील?"

पोराला वाटतं, भाड्याचं चाललंय. ते भीत भीत म्हणतं, "अडीच हजार."

"किलोत सांग."

साठच्या आतल्याला वरची, पत्र्याची खोली. ऐंशीच्या पुढच्याला खालची, नळाजवळची, वर भाड्यात शंभराची सूट. अट एकच. मका कापणीला आली की सुट्टीच्या दिवशी दोन तास खड्ड्यात उतरून तुडवायचं. ट्रॅक्टर का नाही, असं कुणी विचारलंच तर नाना म्हणतात, "दहा बाय आठचा खड्डा. त्यात ट्रॅक्टर घातला तर त्याचाच मूरघास व्हायचा."

नानांचं पाळण्यातलं नाव आता पोस्टमनलाही आठवत नाही. गाव त्यांना 'हवाबंद नाना' म्हणतं आणि त्यांना ते आवडतं.

एमआयडीसी आली तशा आमच्याकडच्या जमिनी गेल्या, पैसे आले. कुणी चाळी बांधल्या, कुणी डंपर घेतले, कुणी गाडी घेऊन मागच्या काचेवर नंबरापेक्षा मोठ्या अक्षरात आडनाव टाकलं. पण शेतकरी म्हणवून घ्यायची हौस एकाचीही गेली नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं मोजणाऱ्या माणसाला आपली शेती सुटली हे कबूल करणं जड जातं. मग दावणीला चार गायी राहतात. नानांकडे चौदा खोल्या, चार संकरित गायी आणि दीड एकर रान आहे. खोल्यांवर घर चालतं, गायींवर नानांची इज्जत.

आता दीड एकरात चार गायींचं वर्षाचं पोट भरायचं म्हणजे काय, हे ज्याने वैशाखात वैरण शोधलीय त्यालाच विचारावं. पूर्वी कडब्याची गंज असायची. आता ज्वारी कोण करतंय? कारखाने चालू असेपर्यंत उसाचे वाढे मिळतात, एकदा पट्टा पडला की सगळा तालुका दुसऱ्याच्या बांधाकडे बघायला लागतो. अशाच एका उन्हाळ्यात कुणीतरी नानांना गाडीत घालून उरळी कांचनला नेलं. तिथे १९४६ साली गांधीजी आले होते. ते निघून गेले, पण त्यांच्या शब्दाखातर मणिभाई देसाई तिथंच राहिले आणि १९६७ साली त्यांनी 'बायफ' उभी केली. संकरित गायी, संकरित नेपियर, चाऱ्याचे वाण, सगळं तिथं बघायला मिळतं. नानांनी ते बघितलं की नाही माहीत नाही. परत आल्यावर त्यांच्या तोंडी एकच शब्द होता: हवाबंद. म्हणजे मूरघास, हिरवी वैरण हवाबंद कोंडून मुरवलेली.

हिशेब ते बोटांवर करतात, आणि खरं सांगायचं तर हिशेब बरोबर असतो. गायीला रोजचा पंधरा किलो मूरघास. चार गायींना साठ. वर्षाला झाला बावीस टन. आफ्रिकन टॉल मका एकरी पंधरा ते वीस टन हिरवा चारा देते आणि ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांत कापणीला येते. म्हणजे दीड एकरात दोनदा मका घेतली तरी वर्ष निघून वर उरतं. पाऊस पडो, न पडो, गव्हाणीत रोज तेच, त्याच चवीचं. गाय खुश, दूध स्थिर. "दुष्काळ माणसांना असतो," नाना म्हणतात, "माझ्या गायींना नसतो."

हे ते एकदा म्हणाले असते तर सुविचार झाला असता. ते सगळीकडे म्हणतात. लग्नात अक्षता हातात असताना म्हणतात. ग्रामसभेत विषय पाणीपट्टीचा असला तरी म्हणतात. पण नानांची खरी जागा दशक्रिया. घोडनदीच्या काठाला पिंड मांडलाय, कावळा यायचाय, तोवर कुणाला उठता येत नाही आणि चेष्टामस्करीही करता येत नाही. एवढे शांत श्रोते कीर्तनकारालाही मिळत नाहीत. नाना शेजाऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच सुरू करतात, "मका कधी कापायची, सांग बरं?" आणि शेजाऱ्याला काही सुचायच्या आत पुढं, "दाण्याला नख मारायचं. नुसतं दूध उडालं तर थांब, पाणी जास्त आहे. नख टोचलंच नाही तर उशीर झाला. चीक घट्ट व्हायला लागला, दाण्यात अर्धं दूध अर्धं पीठ दिसलं, की लावायचा विळा."

एकदा कावळा काही केल्या शिवेना. मयताच्या मनात काय राहिलं म्हणून घरच्यांनी सगळं आठवून पाहिलं. धाकट्याने थोरल्याला सांभाळायचं वचन दिलं, जावयाने उसने पैसे कबूल केले, तरी कावळा बाभळीवरून हलेना. शेवटी एक म्हातारं वैतागून म्हणालं, "आरं, आधी त्या नानाचं संपू द्या." नाना गप्प झाले आणि कावळा खाली आला. तेव्हापासून गावात काहींचं म्हणणं आहे की कावळ्यालाही मूरघास पाठ झालाय.

पण नानांना खड्ड्यावर बघावं. तिथं ते वेगळेच असतात. कुट्टी मशीन चालू झालं की टोपी काढून खिशात घालतात. तुकडा अर्धा-पाऊण इंचाचा, त्याहून लांब पडला की मशीन बंद करून पातं बघतात, कारण लांब तुकड्यांच्या सांदीत हवा अडकते. पहिल्या खेपेची मूठभर कुट्टी उचलतात, दाबतात, डोळे मिटून मनात काहीतरी मोजतात आणि मूठ उघडतात. बोटांतून पाणी ठिबकलं तर कुट्टी ओली. गोळा फुटून सुट्टा झाला तर कोरडी. गोळा तसाच राहिला, अंगाने किंचित सैल झाला आणि तळव्याला नुसता ओलावा लागला, तर पासष्ट-सत्तर टक्के पाणी आहे, भरा. मग अर्ध्या अर्ध्या फुटाचा थर आणि प्रत्येक थरावर भाडेकरू. तुडवताना सगळे मधे नाचतात, हवा मात्र कोपऱ्यात राहते. म्हणून सगळ्यात जड गडी कोपऱ्याला. "कोपरा! कोपरा धर!" असं नाना वरून ओरडत असतात. बिहारचे दोघे आणि लातूरचे तिघे एकमेकांचे खांदे धरून गोल फिरतात, कुणाच्या तरी मोबाइलवर भोजपुरी गाणं लागलेलं असतं. खड्डा भरला की वर ताडपत्री, ताडपत्रीवर माती, मातीवर जुने टायर. घनमीटरला पाचशे-सहाशे किलो बसलंच पाहिजे, ही नानांची इरेची गोष्ट.

भाडेकरूंतल्या एकाने पहिल्या वर्षी सगळं समजावून घेतल्यावर मान डोलावून म्हटलं, "अच्छा, मतलब गाय का अचार." नानांनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. लोणच्यात मीठ-तेल बाहेरून घालावं लागतं. इथं मक्यातलीच साखर खाऊन जिवाणू आम्ल बनवतात. ते आम्ल सामू चारापर्यंत खाली आणतं, आणि मग माल कुजवणाऱ्या जंतूंचं तिथं काही चालत नाही. त्या जिवाणूंना फक्त हवा नको असते, बाकी त्यांचं ते बघतात. हे सगळं नानांनी त्या पोराला हिंदीत सांगितलं. नानांची हिंदी ऐकून त्याने अचार शब्द मागे घेतला.

मूरघासाला कुणी हलकं लेखलं की नाना हुकमाचं पान टाकतात. "१९४५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल कशाला मिळालंय माहिताय? वैरणीला!" आणि हे शंभर टक्के खरं आहे. फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी हिरव्या वैरणीत पातळ केलेलं आम्ल घालून ती टिकवायची रीत काढली, म्हणजे जिवाणूंनी पुढं जे केलं असतं ते पहिल्याच दिवशी करून टाकलं. शेती आणि पोषणाच्या रसायनशास्त्रातल्या, विशेषतः वैरण टिकवण्याच्या कामाबद्दल त्यांना नोबेल मिळालं. नाना त्यांना 'विरताने साहेब' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, राहुरी विद्यापीठातलेच कुणी असतील, नगरकडचे. आमच्या एका पोलीस पाटलांनी तर "त्यांचे भाऊ माझ्या ओळखीचे" असंही सांगून टाकलं.

इथवर नानांवर हसायला जागा कमीच आहे. बावीस टनांचं गणित मांडणारा, मुठीने ओल ओळखणारा माणूस हुशारच म्हणायचा. घोळ पुढं आहे. मूरघास तयार व्हायला पंचेचाळीस दिवस लागतात आणि नानांना पंचेचाळीस मिनिटं दम निघत नाही. जगाला हवाबंदचा मंत्र देणारा हा माणूस स्वतः बाराही दारं उघडी टाकून बसलेला असतो. त्यांना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत ढोकसांगवीला पोचते. पोरीच्या स्थळाची बोलणी चालली होती तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, नानांना महिनाभर दौंडला बहिणीकडे पाठवलं होतं.

टनाची सायलो पिशवी भरून आठ दिवस होत नाहीत तोच कुणी पाहुणा येतो. चहा व्हायच्या आत नाना त्याला गोठ्याकडे नेतात. "नुसता वास घ्या." दोरी सुटते, पिशवीचं तोंड उघडतं, नाना कोपरापर्यंत हात घालून मूठभर काढतात आणि पाहुण्याच्या नाकाला लावतात. पाहुणा मुंबईचा असला तर शिंकतो. मग दोरी परत बांधायची, तीही बोलता बोलता, म्हणजे अर्धवट. आत गेलेली हवा आपलं काम करते. झोपलेलं यीस्ट जागं होतं, माल तापतो, आणि महिन्याभराने वरचा वीतभर थर पांढऱ्या-हिरव्या बुरशीने धरलेला निघतो. बुरशीचं गायीला घालता येत नाही. काकूंनी हिशेब काढलाय, एका पाहुण्यामागे दोन घमेली उकिरड्यावर. चहा त्यामानाने स्वस्त पडतो.

आता घासाचं प्रकरण. लसूणघासाला आमच्याकडे नुसतं घास म्हणतात. सरकी पेंडेचा भाव चढला तेव्हा नानांच्या डोक्यात आलं, मक्यात प्रथिनं आठ टक्के, घासात त्याच्या दुप्पट. मग मका कशाला? नुसता घासच हवाबंद केला तर पेंडेचा खर्चच गेला! कागदावर बिनतोड होतं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचं एक माहितीपत्रक त्यांच्याच कपाटात होतं, पण नाना माहितीपत्रक देतात, वाचत नाहीत.

द्विदल चारा एकट्याने मुरत नाही. त्याच्यात साखर कमी, त्यामुळे आम्ल कमी तयार होतं. जे होतं त्याला त्याच्यातली प्रथिनं आणि चुना दाद देत नाहीत, म्हणून सामू खाली उतरायचं नाव घेत नाही. घास असो, चवळी असो, दशरथ घास असो, त्याला मक्याचा नाहीतर गवताचा आधार द्यावा लागतो. आधार तीन वाटे, तर द्विदल एक वाटा. नेपियरलासुद्धा, ते गवत असूनही, पाणी जास्त नि साखर बेताची, म्हणून कापून चार-सहा तास सुकवून, टनाला दहा-वीस किलो गूळ किंवा मळी देऊन भरतात. नानांनी गूळ दिला नाही, सुकवलं नाही, वर आदल्या रात्री अवकाळी झाला होता. पाण्याने निथळता घास त्यांनी टनाच्या पिशवीत कोंबला आणि पिशवीवर मार्करने तारीख टाकून लिहिलं, 'स्पेशल'.

तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे कारेगाव जागं झालं ते वासाने. आधी खवट तूप, त्यावर ओला मोजा, आणि त्याच्याही आत काहीतरी, ज्याला मराठीत शब्द नाही आणि नसलेलाच बरा. वरच्या खोल्यांतली पोरं नाइट शिफ्टहून आली ती जिना न चढताच परत फिरली. आमच्याकडे वास आला की बोट आपोआप एमआयडीसीकडे जातं. "गॅस सोडला!" नऊ वाजेपर्यंत चौकात दोनशे माणूस, नाकाला रुमाल, आणि सगळ्यांच्या पुढं नाना. असे नाना आम्ही कधी बघितले नव्हते. "भूमिपुत्रांनी जमिनी दिल्या त्या हे हुंगायला का?" टाळ्या. "आमच्या गायी आटल्या तर जबाबदार कोण?" पुन्हा टाळ्या. मोर्चा जवळच्या एका कंपनीच्या गेटवर गेला. निवेदन लिहायला वेळ लागला, कारण 'दुर्गंधी'चा पहिला उकार ऱ्हस्व की दीर्घ यावर दोन सदस्यांचं जमेना.

गेटमधून सेफ्टी ऑफिसर बाहेर आला. तरुण पोरगा, हातात गॅस मोजायचं यंत्र. यंत्र काही दाखवेना. त्याने ते खिशात घातलं, हवेत दोनदा हुंगलं आणि सरळ चालायला लागला. मागे मोर्चा. हायवे ओलांडला, गल्लीत शिरला, नानांच्या चाळीपाशी वळला, गोठ्यात गेला आणि 'स्पेशल' पिशवीसमोर उभा राहिला. पोरगा सांगलीकडचा, घरी वीस गायी. त्याने पिशवीकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि फार आदराने विचारलं, "नाना, घासात मका नव्हती का घातली?"

दोनशे माणसं एका वेळी गप्प बसलेली मी तेवढीच एकदा पाहिली.

ह्यातली मजा मला काकूंकडून नंतर कळली. नानांना पहाटे चारलाच समजलं होतं. वासाने उठले, गोठ्यात गेले, पिशवीच्या फटीवर टेपच्या चार पट्ट्या मारून आले आणि पुन्हा अंथरुणात शिरले. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "कंपनीचा असेल." पहाटे चारपासून साडेदहापर्यंत, चौकात, भाषणात, गेटवर, त्यांनी अवाक्षर काढलं नाही. नानांनी आयुष्यात हवाबंद ठेवलेली ही एकच गोष्ट. तीही फुटली.

तो माल ट्रॉलीने उकिरड्यावर गेला. त्याआधी नानांनी लपून एक घमेलं म्हाताऱ्या गायीपुढं ठेवून पाहिलं. तिने हुंगलं, मान वर केली आणि नानांकडे असं बघितलं की पंधरा दिवस ते तिची धार काढायला गेले नाहीत. महिन्याभराने एका दशक्रियेला मी त्यांच्या शेजारी होतो. ते सांगत होते, "द्विदलाचा एक प्रयोग केला मी. लोकांनी न केलेला." मोर्चाचा उल्लेख नव्हता.

काकूंबद्दल नानांच्या व्याख्यानात कधी काही येत नाही, म्हणून मला सांगावं लागतंय. मूरघास व्हायच्या आधी रोज संध्याकाळी विळा घेऊन बांधावर जायच्या त्या काकूच. शिरूर तालुक्यात उसाला लागून चारा कापायचा म्हणजे एक डोळा विळ्यावर आणि एक उसावर. बिबट्या कुणाच्या उसातून कधी निघेल सांगता येत नाही, आणि वाकून बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही. मूरघास आला आणि काकूंचं ते जाणं थांबलं. नानांना त्यात नोबेल दिसतं, काकूंना संध्याकाळ. डेअरीची चिठ्ठीही त्याच वाचतात, फॅट साडेतीनच्या खाली गेली की मूरघासाबरोबर सुका कडबा वाढवतात, धार काढायच्या आधी मूरघास टाकत नाहीत कारण दुधाला वास धरतो, आणि नव्या गायीला पहिल्या दिवशी पाच किलोच्या वर देत नाहीत. यातल्या कशावरही त्यांनी अजून भाषण केलेलं नाही.

गेल्या साली त्यांनी मक्यात चवळी पेरली, दोन्ही एकत्र कापली आणि जिन्याखालच्या अंधारात दोन पिशव्या भरून ठेवल्या. वर जुनी गोधडी टाकली. नानांना वाटलं, भाडेकरूंचं सामान. दोन महिन्यांनी तोंड उघडलं तर माल पिवळसर हिरवा, दाणा न् दाणा वेगळा, वास आंबट-गोड. प्रयोगशाळेत कामाला असलेल्या भाडेकरूने सामू तपासायची कागदी पट्टी आणून बुडवली. चार. नानांनी ती पट्टी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खिशात ठेवली आणि आता आल्यागेल्याला दाखवतात, "आमचा रिपोर्ट."

परवा न्हावऱ्याकडच्या चार बाया बचत गटाकडून बघायला आल्या होत्या. नानांनी त्यांना विरताने साहेबांपासून सुरुवात करून तासभर धरून ठेवलं. त्यांतली एक हुशार निघाली. पाणी मागायच्या निमित्ताने आत गेली आणि काकूंना विचारलं, "काकू, प्रमाण नेमकं काय धरायचं?"

काकू तांब्या भरत म्हणाल्या, "तीन पाट्या मका, एक पाटी चवळी, आणि मुठीने पाणी बघायचं. भरायचा दिवस तेवढा संकष्टीचा धर. हे रांजणगावला दर्शनाला चालत जातात, चार तास येत नाहीत."